व्यत्यय कळवावा

४ नोव्हेंबर

आलो एकदाचे! टेम्पोवाल्याने कपाटाचा पाय मोडला, आईला वाटेत दोनदा उलटी झाली, आणि घराची किल्ली घरमालकाऐवजी त्याच्या भाच्याकडे निघाली. तरीही मी खुशीत आहे. बदली म्हणजे शिक्षा, असं ऑफिसातले म्हणत होते. म्हणोत बापडे. इथे दुसऱ्या मजल्यावर तीन खोल्या मिळाल्या, माझ्या खोलीला लागून अरुंद गॅलरी, समोर सगळी बैठी दुकानं, त्यामुळे आभाळ मोकळं. मधली खोली आईला दिली. तिचं ऑक्सिजनचं मशीन पलंगाच्या उशाशी लावलं. त्याची घरघर घरभर ऐकू येते, पण ती आता मला घड्याळाच्या टिकटिकीसारखी झाली आहे. थांबली तरच जाग येईल.

मी वजनमापं तपासणारा सरकारी माणूस. मी दुकानात शिरलो की गल्ल्यावरच्या माणसाचा चेहरा पडतो, आणि रोजनिशीत खोटं कशाला लिहू, मला तो पडलेला चेहरा बघायला आवडतो. जुन्या गावात मला मागून ‘काटा’ म्हणत. इथेही महिन्याभरात म्हणू लागतील.

दिवसा आईजवळ बसायला एक बाई मिळाली. वयाने माझ्याहून लहान, पण सगळे तिला मावशीच म्हणतात. तोंडाचा पट्टा सतत चालू. आईला तेच हवं होतं. दम लागला की तिला स्वतः बोलता येत नाही, मग दुसऱ्याने बोललेलं तरी तिला ऐकू दे.

९ नोव्हेंबर

आज बाजारात सोनारांचे काटे तपासले. दोघे नापास. एक तर रडकुंडीला आला. परत येताना कोपऱ्यावरच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात आईच्या मशीनची पिन बदलायला थांबलो आणि तिथेच अडकलो.

दुकानदार सत्तरीचा, लोक त्याला खरखरेकाका म्हणतात. त्याच्या टेबलावर एक जुना सेट होता, रुंद काचेचा, बोटभर जाडीच्या बटणांचा. काकाने मागे नुसती एक तार लावली, बटण हळूहळू फिरवलं, आणि खरखरीतून कुठल्यातरी लांबच्या देशातला माणूस अनोळखी भाषेत बोलू लागला. बहुधा हवामान सांगत असावा, कारण आवाजात काडीचाही उत्साह नव्हता. मी मात्र अंगावर काटा येऊन ऐकत राहिलो. काकाने सांगितलं की या लहान लांबीच्या रेडिओलहरी वर आभाळाच्या थराला आपटून खाली येतात, पुन्हा वर जातात, अशा टप्पे खात पृथ्वी ओलांडतात. दिवे लागायच्या वेळी सगळ्यात छान येतात. घासाघीस न करता सेट घेऊन आलो. माझ्यासारख्या माणसाने घासाघीस न करणं म्हणजे काय ते मला ओळखणाऱ्यालाच कळेल.

१६ नोव्हेंबर

गॅलरीपासून गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत तार ओढली. मावशीला वाटलं कपडे वाळत घालायची सोय केली. तिने टाकलेल्या दोन साड्या त्यावरून उतरवल्या आणि चार शब्द सुनावले.

ऑफिसातून आलो की दार लावून बसतो. बटण केसभर फिरवायचं, थांबायचं, श्वास रोखायचा. एका जागी प्रवचन, शेजारच्या जागी भांडण वाटावं अशी बातमी, मध्ये समुद्रासारखा नुसता आवाज. आवाज विरत जातो, परत येतो. घाईच्या माणसाचं हे काम नाही. मला मात्र जमतं आहे. आयुष्यभर काट्याची सुई स्थिर व्हायची वाट बघितली, ती वाया गेली नाही.

काकाने या छंदाचा शिष्टाचारही शिकवला. जे स्टेशन ऐकलं त्याला अहवाल पाठवायचा: कधी ऐकलं, काय ऐकलं, आवाजाला जोर किती, व्यत्यय किती, खरखर किती. तो पटला की स्टेशन एक सुंदर चित्राचं पोचकार्ड पाठवतं. काकाच्या भिंती त्या कार्डांनी भरल्या आहेत. त्याने बजावलं की उगाच ‘सगळं छान’ असं लिहून स्टेशनला खूश करू नका, व्यत्यय कसला आहे ते प्रामाणिकपणे लिहा, तरच अहवालाला किंमत. मी म्हटलं, काका, प्रामाणिकपणा तुम्ही मला शिकवू नका.

२१ नोव्हेंबर

आज एक नवीन स्टेशन लागलं. दोन मोठ्या स्टेशनांच्या मधल्या अरुंद जागेत, अगदी क्षीण. बाईचा आवाज, आपली भाषा, स्वच्छ उच्चार. ती फक्त श्रोत्यांची पत्रं वाचते आणि आभार मानते. स्टेशनचं नाव सांगत नाही. शेवटी एक टपालपेटी क्रमांक देते आणि म्हणते, व्यत्यय असल्यास कळवावा. काय आवाज आहे! इतक्या मायेने माझ्याशी कोणी बोललेलं मला आठवत नाही. आई बोलते, पण तिच्या मायेत नेहमी एक तक्रार लपलेली असते.

आणि ऐन पत्रवाचनात खाली तळमजल्यावरच्या शिंप्याने मशीन सुरू केलं! त्या मोटारीच्या ठिणग्यांनी माझ्या रेडिओत नुसता चरचराट. खाली जाऊन सांगून आलो. तो दात काढून हसला आणि म्हणाला की साहेब, तुमचा रेडिओ बंद ठेवलात तर मला तरी काही त्रास होणार नाही. नाकाला मिरच्या झोंबल्या.

अहवाल लिहिला. व्यत्यय या सदरात जसं खटल्याच्या कागदात लिहितो तसंच सगळं लिहिलं: शिंपी, तळमजला, डावीकडचं दार, उंच, टक्कल, संध्याकाळी काम करतो. काटेकोर म्हणजे काटेकोर.

२९ नोव्हेंबर

पोचकार्ड आलं! पहिलंच. चित्र वगैरे नाही, कोरं पांढरं, जाड. मागे टपोऱ्या अक्षरात: अहवाल मिळाला. आभारी आहोत. व्यत्यय दूर करण्यात येईल. मी ते आरशाच्या चौकटीत खोचलं. आईला दाखवलं तर तिलाही हौस आली. म्हणून तिला काकाकडून एक छोटा सेट आणून दिला, उशाशी ठेवता येईल असा. आता ती आणि मावशी दुपारभर लांबलांबची गाणी ऐकतात आणि माझ्यामागची भुणभुण थांबली. फायद्याचा सौदा.

२ डिसेंबर

शिंपी गेला. संध्याकाळी काम करता करताच. त्याची बायको आतून आली तेव्हा मशीन चालूच होतं आणि तो त्यावर ओणवा होता. त्याच्या डाव्या तळहातावरून शिलाई गेली होती, सरळ, एकसारख्या टाक्यांची, मनगटापर्यंत. ओरडण्याचा आवाज कोणी ऐकला नाही. डॉक्टर म्हणाले हृदय बंद पडलं, हात नंतर सरकला असेल.

वाईट वाटलं. पण खरं लिहायचं तर आज रेडिओ फार स्वच्छ लागला होता. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, दुसरं काय.

१० डिसेंबर

एक गोष्ट समजत नाही. शिंप्याच्या बायकोने काम सुरू केलं आहे. तिला पोटासाठी करावंच लागणार. तेच मशीन, तीच मोटार, तीच वेळ. मी खाली उभा राहून कानांनी ऐकलं. वर येऊन रेडिओ लावला. चरचराट नाही. एवढासुद्धा नाही.

म्हणजे व्यत्यय मशीनचा नव्हताच का?

मावशीला सहज विचारलं की शिंपी माणूस कसा होता. ती म्हणाली की फार गोड, जाता येता आईची विचारपूस करायचा, तुमचा स्वभाव तापट म्हणून वर यायला घाबरायचा. मी विषय बदलला.

१४ डिसेंबर

आता समोरच्या केशकर्तनालयाची दिव्यांची पाटी. संध्याकाळी पेटली की रेडिओत भुंग्यासारखी गुणगुण. तो न्हावी मला मुळातच आवडत नाही. पहिल्याच दिवशी दाढी करताना त्याने आरशातून विचारलं होतं की साहेब, अजून लग्न का नाही, आणि बाकावरची माणसं हसली होती.

विषाची परीक्षा घेऊ नये म्हणतात. पण मी परीक्षाच घेणारा माणूस. शिंप्याचं मरण हा योगायोग असेल तर पत्र लिहून कोणाचं काय बिघडणार? आणि योगायोग नसेल, तर ते कळायला तरी नको का? अहवाल लिहिला. न्हावी, समोरचं दुकान, जाड मिशा, पाटी पेटवतो. पत्र पेटीत टाकायला जवळजवळ धावतच गेलो. भीतीने की कशाने ते सांगता येत नाही. बहुधा भीतीने नाही.

२१ डिसेंबर

न्हावी त्याच्याच खुर्चीत सापडला. गळ्याभोवती गिऱ्हाइकाला बांधतात तो कपडा, मागे गाठ. अर्ध्या चेहऱ्यावर फेस, अर्धी जाड मिशी उतरवलेली, वस्तरा त्याच्याच हातात. गळ्यावर फक्त एक रेघ. पोलीस म्हणतात स्वतःच केलं. त्याच्या लेकीला दुकानातून उचलून न्यावं लागलं. तिचा तो आवाज गॅलरीत ऐकू येत होता.

पाटी अजून पेटते आहे, कोणी बंदच केली नाही. खाली उभं राहिलं तर गुणगुणही ऐकू येते. रेडिओत नाही.

मला जेवण गेलं नाही. पण आरशापुढे उभा राहिलो तेव्हा मला माझ्या तोंडावर हसू दिसलं. ते मी मुद्दाम आणलेलं नव्हतं.

२३ डिसेंबर

ती माझ्याशी बोलली. श्रोत्यांशी नाही, माझ्याशी. म्हणाली की दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या काटेकोर श्रोत्याचे दोन्ही अहवाल उत्तम होते, पण मधल्या खोलीतली घरघर त्यांनी अजून कळवलेली नाही.

मी रेडिओ बंद केला. मधल्या खोलीत आई झोपली होती. मशीन घरघरत होतं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं — खरंच, ही घरघर मी कधी व्यत्ययात धरलीच नव्हती. आईच्या पायांशी बसून राहिलो. तिचे पाय किती लहान झाले आहेत. जगात मला एवढं एकच माणूस आहे आणि मी तिचा पत्ता कोणाच्या हाती दिला?

२६ डिसेंबर

अहवाल पाठवला. व्यत्यय शून्य. आयुष्यात पहिल्यांदा खोट्या मापावर सही केली आणि त्याची लाज वाटली नाही.

३१ डिसेंबर

अहवाल परत आला. त्यावर आडवी रेघ, खाली: अहवाल खोटा. पुन्हा तपासून कळवावे.

पाचावर धारण बसली. सेट उचलला, तार तोडली, काकाच्या दुकानात नेऊन टेबलावर ठेवला आणि म्हटलं की मला पैसे नकोत, पण हा परत घ्या. काकाने स्टेशनबद्दल विचारलं. असं स्टेशन त्याने कधी ऐकलेलं नाही. मग मी अहवालात काय लिहीत होतो ते सांगितलं. काकाने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. म्हणाला, अहो, व्यत्यय कसला ते लिहायचं असतं. कुणाचा ते कोणी लिहितं का?

हात दाखवून अवलक्षण. पण सुटलो. घरात सेट नाही, तार नाही. आता मी कोणाचा श्रोता नाही.

७ जानेवारी

आठवडा शांत गेला. काही आलं नाही. ऑफिसात आज एका किराणावाल्याचा काटा जरा हलका होता, तरी मोहर मारून दिली. शिपाई बघतच राहिला.

आई बरी आहे. आज भात दोनदा मागून घेतला.

११ जानेवारी

मी मूर्ख आहे. मी महामूर्ख आहे. आईचा छोटा सेट!

गाण्यांचं खेळणं म्हणून मी तो विसरूनच गेलो होतो. आज लवकर घरी आलो तर आतून तो आवाज. तोच. आई डोळे मिटून ऐकत होती. मला बघून म्हणाली, ही बाई किती गोड बोलते रे, अगदी माणसासारखी. आणि मग लाजत सांगितलं की तुझ्यासारखं कार्ड मलाही हवं होतं, म्हणून गेल्या आठवड्यात पत्र पाठवलं. तिने सांगितलं, मावशीने लिहिलं आणि पेटीत टाकलं. तुला चकित करायचं होतं, म्हणाली.

मी विचारलं, व्यत्यय काय लिहिलास? मशीनची घरघर लिहिलीस का? ती म्हणाली की मशीनचं काय लिहायचं, ते तर मला ऐकूही येत नाही आता. फक्त तू जवळ आलास की आवाज फाटतो, तेवढं लिहिलं. तू ऑफिसला गेलास की कसा स्वच्छ येतो!

मी पलंगाजवळ गेलो. आवाज फाटला. दाराशी गेलो. स्वच्छ. पुन्हा जवळ. फाटला. माणसाच्या अंगाने तारेवर परिणाम होतो, यात काही विशेष नाही, मी तिला हसत हसत समजावून सांगितलं. 

खरं तेच लिहिलं होतं तिने. काटेकोर. माझीच आई.

१२ जानेवारी

मावशीला विचारलं, पत्त्याचं काय लिहिलंस. म्हणाली, सगळं नीट लिहिलं साहेब, तुमचं कार्ड आरशात खोचलंय ना, त्यावर बघून. आणि व्यत्ययात तुमचं लिहिलं: मुलगा, वय, कुठल्या खोलीत झोपतो.

तिला ओरडलो. ती रडली. आई मला म्हणाली की तू असा नव्हतास. होतो, आई. असाच होतो.

छोटा सेट काढून घेतला, बॅटऱ्या काढल्या. आई तोंड फिरवून पडली. तिच्याकडे तेवढंच होतं. आणि काय उपयोग? पत्र गेलंच आहे. संध्याकाळी सेट तिला परत आणून दिला.

१४ जानेवारी

आईच्या नावाचं कार्ड. पांढरं. आभारी आहोत. व्यत्यय दूर करण्यात —

तिने ते छातीशी धरलं. मला म्हणाली, बघ, मलाही आलं!

१५ जानेवारी

झोप नाही. तळहात बघतो. गळा बघतो.

ती सत्तरीच्या पुढे आहे. रोज हाल. डॉक्टर म्हणाले होते फार तर वर्ष. मी बेचाळीसचा. मी गेलो तर तिला बघणार कोण? म्हणजे तिच्यासाठीच —

खोटं. रोजनिशीत खोटं कशाला. मला मरायचं नाही.

लिहिलं. घरघर, मधली खोली. आईचं नाव. वय. पलंगाची कोणती बाजू. स्वतः जाऊन पेटीत टाकलं. टाकल्यावर हात आत घालून पत्र काढायचा प्रयत्न केला. निघत नाही.

१७ जानेवारी

तिचे केस विंचरले. तिला घास भरवले. ती म्हणते, हल्ली किती चांगला वागतोस रे. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. मी मशीनकडे बघत होतो.

१८ जानेवारी

दिवेलागण. मावशी घरी गेली. आईने सेट लावला आहे. मी माझ्या खोलीत, दार उघडं —

रेडिओवरची बाई पत्र वाचते आहे. आईचं. गोड, मायेने. आई हसते आहे.

बाई म्हणते, याच घरातून आणखी एक पत्र आलं आहे —

नको —

वाचलं. सगळं. माझं. आईचं नाव घेऊन. वय. पलंगाची बाजू. “ही घरघर थांबवावी ही विनंती.” खाली माझी सही, तीही वाचली.

आणि म्हणाली, श्रोत्याविरुद्ध अहवाल घेतला जात नाही. आजी आमच्या श्रोत्या आहेत. पत्र पाठवणारे आता श्रोते नाहीत.

मीच तो सेट परत —

आईने सेट बंद केला नाही. रडली नाही. मी दारात गेलो. म्हटलं, आई. तिने माझ्याकडे बघितलं. मी लहानपणी काही फोडलं की बघायची तसं नाही. अनोळखी माणसाकडे बघावं तसं. मग म्हणाली, आवाज फाटतोय. जरा लांब हो.

झालो. खोलीत आलो. तिने विचारलं नाही कुठे गेलास. फक्त म्हणाली, अजून जरा.

पाय माझं ऐकत नाहीत. तिचं ऐकतात —

गॅलरीत आहे. वही हातात. कठडा कमरेला लागला. आतून आवाज आता स्वच्छ येतो आहे, काचेसारखा —

आई, मी चुकलो, आई —

आई आतून म्हणते, छान. अजून थोडं मागे —